टाकीच्या खांद्यावरचा लेख

विजेच्या ठिणगीने लोखंड वितळवून जोडण्याची विद्या काही वर्षांपूर्वीपर्यंत कारखान्यांच्या आणि नाक्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांच्या स्वाधीन होती. परंतु घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर चालणारी आणि एका हाताने उचलून नेता येण्याजोगी इन्व्हर्टर यंत्रे बाजारात आल्यापासून ती बंगल्याच्या गॅरेजात, शेतावरच्या अवजारांच्या खोपीत आणि गावाकडच्या पडवीतही येऊन राहिली आहे, आणि आपल्या कुंपणाचे फाटक, ट्रॉलीची तुटलेली कडी किंवा गच्चीवरच्या पत्र्यांचा सांगाडा आपणच जोडावा अशी उमेद बाळगणारे गृहस्थ आज सर्वत्र आढळतात. ही उमेद स्तुत्य आहे. मात्र यंत्र घेताना अँपिअर किती, हमी किती वर्षांची, दुरुस्तीची सोय कोठे, याची जितक्या कसोशीने ते चौकशी करतात तितक्या कसोशीने त्या यंत्राला लागणाऱ्या वायूच्या टाकीची चौकशी ते करीत नाहीत. टाकी ही यंत्राबरोबर येणारी एक किरकोळ जिन्नस आहे, जवळ मिळेल तेथून, मिळेल त्या भावात ती आणावी, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः दोहोंपैकी अधिक विचार मागणारी वस्तू टाकीच होय. यंत्र बिघडले तर काम खोळंबते. टाकीत मात्र आपल्या भोवतालच्या हवेच्या सुमारे दीडशेपट दाबाने कोंडलेला वायू असतो, तिच्या मालकीचे आणि तपासणीचे कायदे आहेत, आणि ते ध्यानात न घेता केलेली खरेदी पुष्कळदा अशी निघते की टाकी घरात आहे, पैसे गेलेले आहेत, आणि ती पुन्हा भरून देण्यास कोणीही तयार नाही.

वायू मुळात लागतो कशासाठी, हे प्रथम पाहिले पाहिजे. तार आणि पत्रा यांच्यामध्ये विद्युत्-चाप पेटला की त्याखाली वितळलेल्या पोलादाचे एक लहानसे तळे तयार होते, आणि सुमारे पंधराशे अंशांच्या वर तापलेले हे द्रव पोलाद भोवतालची हवा विलक्षण वेगाने शोषून घेऊ लागते. हवेतील ऑक्सिजन पोलादातील कार्बनशी संयोग पावून वायूचे बुडबुडे निर्माण करतो. नायट्रोजन तप्त द्रवात विरघळतो आणि धातू निवू लागताच बाहेर पडण्याची धडपड करतो, आणि जो बाहेर पडू शकत नाही तो सांध्याच्या पोटात छिद्रे ठेवतो किंवा लोहाशी संयोग करून त्याला ठिसूळ बनवतो. वरून गुळगुळीत दिसणारा आणि हातोड्याच्या एका घावासरशी तुटणारा सांधा हा बहुधा या हवेचाच प्रताप असतो. म्हणून द्रव धातू घट्ट होईपर्यंतचे काही क्षण हवेला त्यापासून दूर ठेवणे, ही वेल्डिंगच्या विद्येची पहिली अट आहे. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धातूच्या काडीवर लेप देऊन ही अट पुरी केली. लेप जळताना त्यापासूनच वायू आणि मळी उत्पन्न होते आणि ती धातूला झाकते. आजची वेल्डिंगची रॉड हा त्याच कल्पनेचा विस्तार आहे. ज्याला केवळ जाड लोखंडाचे, उघड्यावरचे आणि प्रसंगोपात्त काम करावयाचे आहे त्याने टाकीच्या भानगडीत न पडता रॉडच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकी हवी ती पातळ पत्र्यासाठी, पोलादाच्या नळ्यांच्या स्वच्छ सांध्यासाठी, आणि स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमच्या कामासाठी.

तेव्हा पहिला प्रश्न टाकी केवढी हा नसून आपण कोणता धातू, कोणत्या पद्धतीने जोडणार आहोत हा आहे. कारण सर्व वायू सर्व धातूंना मानवत नाहीत. कारागिरांच्या बोलीत तारेच्या गनने केलेल्या जोडकामाला ‘सीओटू’ आणि टंगस्टनच्या टोकाने केलेल्या जोडकामाला ‘आर्गन’ म्हणण्याची रीत आहे, आणि तिच्यामुळे नवख्याचा असा ग्रह होतो की पहिल्या यंत्रात फक्त कार्बन डायॉक्साइड आणि दुसऱ्यात फक्त आर्गन चालतो. यातील दुसरा अर्धा भाग खरा आहे. टंगस्टनचा द्रवणांक ३४०० अंशांच्याही पुढे असला तरी ऑक्सिजनचा स्पर्श त्याला सोसत नाही, आणि कार्बन डायॉक्साइड चापाच्या उष्णतेत फुटून ऑक्सिजन मोकळा करतो. म्हणून त्या पद्धतीत शुद्ध आर्गनच लागतो आणि तेथे तडजोड नाही. तारेच्या गनला मात्र कार्बन डायॉक्साइड, आर्गन किंवा दोहोंचे मिश्रण यांपैकी काहीही देता येते, आणि निवड धातूवर अवलंबून राहते.

आर्गनची हकिकत थोडक्यात सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण जो वायू आपण शेकड्याच्या हिशेबात नगण्य मानला असता तो इतका काळ सर्वांच्या नाकाखाली राहून अज्ञात कसा राहिला, हे त्यातून कळते. हेन्री कॅव्हेंडिशने १७८५ मध्ये हवेतील नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी काढून घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा कशाशीच संयोग न पावणारा एक लहानसा बुडबुडा शेष राहिला, आणि तो मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागापेक्षा अधिक नाही अशी नोंद त्याने करून ठेवली. ती नोंद शंभर वर्षांहून अधिक काळ पडून राहिली. पुढे लॉर्ड रॅलेला असे आढळले की हवेतून मिळविलेला नायट्रोजन हा रासायनिक पदार्थांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित, सुमारे अर्ध्या टक्क्याने, जड भरतो. दुसऱ्या एखाद्याने ती मापनातील चूक म्हणून सोडून दिली असती, परंतु रॅले आणि विल्यम रॅम्झी यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १८९४ मध्ये हवेत एक अपरिचित मूलद्रव्य असल्याचे जाहीर केले. १९०४ साली रॅलेला पदार्थविज्ञानाचे आणि रॅम्झीला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हवेत आर्गनचे प्रमाण सुमारे ०.९३ टक्के आहे, आणि त्याचा बहुतेक सर्व साठा भूगर्भातील खडकांत असलेल्या किरणोत्सर्गी पोटॅशियमच्या क्षयातून युगानुयुगे साचत आलेला आहे. हवा अतिशय थंड करून तिचा द्रव करावा आणि त्या द्रवाचे ऊर्ध्वपातन करावे, म्हणजे उणे १९६ अंशांस नायट्रोजन, उणे १८६ अंशांस आर्गन आणि उणे १८३ अंशांस ऑक्सिजन अशी त्यांची उकळण्याची स्थाने वेगळी असल्याने ते एकमेकांपासून निराळे करता येतात. मात्र आर्गन आणि ऑक्सिजन यांच्यात अवघ्या तीन अंशांचे अंतर असल्याने आर्गन शुद्ध करणे हे त्यातील कष्टाचे काम ठरते. पोलादाच्या मोठ्या कारखान्यांना ऑक्सिजनची प्रचंड गरज असते म्हणून हवेचे असे पृथक्करण मोठ्या प्रमाणावर चालते, आणि आर्गन हे त्या उद्योगाचे जोडउत्पादन म्हणून आपल्या हाती येते.

रॅम्झीनेच पुढच्या वर्षी, १८९५ मध्ये, एका खनिजातून हेलियम काढून दाखविला, आणि वेल्डिंगमध्ये निष्क्रिय वायूचा पहिला मोठा उपयोग अमेरिकेत झाला तो या हेलियमचाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथने मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी टंगस्टन आणि हेलियम यांची जोडी जमविली. हेलियमचा विषय निघाला की महाराष्ट्रात विजयदुर्गाचे नाव घेतले जाते, त्याविषयी येथे एक खुलासा केलेला बरा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध पीएर जान्सेन याने गुंटूर येथून घेतले. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ग्रहणाची वाट न पाहता सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट त्याने तेथूनच अभ्यासिला, ज्यातील पिवळ्या रेषेवरून हेलियमची कल्पना पुढे आली. लॉकियर विजयदुर्गास आला तो १८९८ च्या जानेवारीतील ग्रहणासाठी. या दोन प्रसंगांची सरमिसळ आपल्याकडे वारंवार होते. किल्ल्याचा मान लॉकियरच्या त्या भेटीने पुरेसा राखला जातो, त्यासाठी तीस वर्षे मागे जाण्याचे कारण नाही. घरच्या वेल्डरला हेलियमशी काही कर्तव्य नाही, कारण आपल्याकडे तो आयात करावा लागतो आणि त्याची किंमत त्या मानाने असते.

कार्बन डायॉक्साइडचा स्वभाव सर्वस्वी निराळा आहे. तो स्वस्त आहे, त्याचा चाप पोलादात खोलवर शिरतो, आणि त्यातून सुटणाऱ्या ऑक्सिजनचा बंदोबस्त करण्यासाठी तारेतच मँगनीज आणि सिलिकॉन घातलेले असतात. त्याचा दोष हा की वितळलेल्या धातूचे थेंब उडतात, आजूबाजूच्या पत्र्यावर चिकटतात आणि मागाहून घासून काढावे लागतात. शुद्ध आर्गनमध्ये साध्या पोलादावर तारेचा चाप स्थिर राहत नाही आणि सांध्याच्या कडा खाल्ल्या जातात. म्हणून दोहोंचे मिश्रण करण्याची पद्धत पडली. त्यात आर्गन ऐंशी टक्के आणि कार्बन डायॉक्साइड वीस टक्के, अथवा त्याच्या आसपासचे प्रमाण ठेवतात. अमेरिकेत पंचाहत्तर आणि पंचवीस हे प्रमाण रूढ आहे. अशा मिश्रणाने पातळ पत्र्याचे काम सुबक होते आणि थेंब कमी उडतात. स्टेनलेसला कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांपर्यंतच असावे, कारण अधिक कार्बनाने त्याची गंज न धरण्याची शक्ती उणावते. ॲल्युमिनियमला मात्र शुद्ध आर्गनच लागतो, आणि तोही ९९.९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध. यावरून माझा सल्ला असा की ज्याला फाटके, गज, चौकटी एवढेच करावयाचे आहे त्याने कार्बन डायॉक्साइड घ्यावा. ज्याला मोटारीच्या पत्र्यासारखे बारीक काम करावयाचे आहे त्याने मिश्रण घ्यावे. आणि ज्याच्याजवळ टंगस्टनची पद्धत आहे त्याने आर्गन घ्यावा. एकच टाकी सर्व कामांना पुरवावी ही इच्छा समजण्यासारखी आहे, परंतु ती पुरी होत नाही.

टाकीचा आकार ठरविण्यासाठी मोठ्या गणिताची आवश्यकता नाही. आर्गन आणि मिश्रण हे टाकीत वायुरूपातच राहतात. म्हणून टाकीत पाणी किती लिटर मावते त्या आकड्याला दाबाने गुणले की साधारण किती लिटर वायू आहे ते निघते. आपल्याकडे प्रचलित असलेली मोठी टाकी सुमारे सत्तेचाळीस लिटरची असते, ती दीडशे बारला भरली की सात हजार लिटर, म्हणजेच व्यापाऱ्याच्या भाषेत सात घनमीटर, वायू होतो. दहा लिटरच्या लहान टाकीत दीड घनमीटर मावतो. मिनिटाला दहा लिटर हा प्रवाह घरगुती कामाला सर्वसाधारण धरावा. त्या हिशेबाने लहान टाकी प्रत्यक्ष चाप पेटलेल्या दीडशे मिनिटांना पुरते आणि मोठी सातशे मिनिटांना. मोठी टाकी रिकामीसुद्धा पन्नास-साठ किलोंची असते, तिला एकट्याने हलविणे अवघड. परंतु भरण्याचा खर्च लहान टाकीला मोठीच्या जवळपासच पडतो, कारण विक्रेता वायूपेक्षा वाहतुकीचे आणि हाताळणीचे पैसे अधिक घेतो. जागा असेल आणि काम नियमित असेल तर मोठी टाकी किफायतशीर ठरते.

कार्बन डायॉक्साइडच्या बाबतीत हे गणित चालत नाही, आणि खरेदीदाराची फसगत बहुधा येथेच होते. हा वायू टाकीत द्रवरूपाने भरलेला असतो, वर त्याची वाफ असते, आणि वीस अंशांना त्या वाफेचा दाब सुमारे ५७ बार असतो. टाकीत द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब तेवढाच राहतो, म्हणून काटा पाहून टाकी किती भरली आहे हे समजणे अशक्य आहे. तिचे वजन करावे लागते. टाकीवर रिकाम्या स्थितीतील वजन कोरलेले असते, ते भरलेल्या वजनातून वजा केले की आत किती किलो वायू आहे ते निघते, आणि एका किलोपासून साधारण तापमानाला पाचशेहून अधिक लिटर वायू मिळतो. विक्रेत्याकडे वजनकाटा असतो. त्यावर टाकी ठेवून आपल्यासमोर वजन करून मागण्यात संकोच मानण्याचे काही कारण नाही. या वायूचा दुसरा विशेष असा की ३१ अंशांच्या वर त्यात द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही, सर्व काही एका अवस्थेत येते आणि पुढे तापमानाबरोबर दाब झपाट्याने चढतो. विदर्भात वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उन्हात ठेवलेल्या टाकीतील दाब शंभर बारच्याही पुढे जाऊ शकतो; म्हणूनच उष्ण प्रदेशांतील नियम दर लिटर धारणेमागे सुमारे दोन-तृतीयांश किलोहून अधिक वायू भरू देत नाहीत, आणि म्हणूनच मोठ्या टाकीत तीस किलोंच्या आसपासच माल असतो. अधिक भरून देण्याचा आग्रह करणारा विक्रेता उपकार करीत नसतो. जलद प्रसरण पावताना हा वायू इतका थंड होतो की रेग्युलेटर गोठतो. म्हणून दीर्घ कामाला विजेवर तापणारा हीटर लागतो, हा खर्च आधीच धरावा.

आता खांद्यावरच्या लेखाकडे वळतो, कारण मुख्य म्हणणे तेथेच आहे. टाकीचा वरचा भाग जेथे गळ्याकडे निमुळता होत जातो त्या गोलाईवर अक्षरे आणि आकडे ठोकून कोरलेले असतात. रंग लागत गेला की ते झाकले जातात आणि बहुसंख्य ग्राहक त्यांच्याकडे पाहतही नाहीत. जमिनीला जसा सातबारा, तसा टाकीला हा लेख: ती कोणी घडविली, कोणत्या मानकाप्रमाणे घडविली, तिचा क्रमांक कोणता, तिच्यात पाणी किती मावते, रिकामे वजन किती, कार्याचा दाब आणि चाचणीचा दाब किती, आणि शेवटची चाचणी केव्हा झाली, हे सर्व त्यावरून वाचता येते. बिनसांध्याच्या पोलादी टाक्यांसाठी भारतीय मानक ७२८५ आहे. दीडशे बारला काम करणाऱ्या टाकीची चाचणी अडीचशे बारला झालेली असते. ही चाचणी पाण्याने करतात, हवेने नव्हे. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. टाकी पाण्याच्या एका भांड्यात बुडवून आत दाब चढवितात, ती किती फुगली आणि दाब उतरल्यावर किती फुगलेली राहिली हे मोजतात, आणि कायम राहिलेला फुगवटा एकूण फुगवट्याच्या दहा टक्क्यांहून अधिक असला तर ती टाकी बाद होते. आर्गन किंवा कार्बन डायॉक्साइडसारख्या वायूंच्या टाक्यांना ही चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते, तिची तारीख खांद्यावर ठोकतात, आणि मुदत उलटलेली टाकी भरणे हा भरणाऱ्याचा गुन्हा होतो. ती नाकारणारा भरणा केंद्राचा माणूस कायद्याप्रमाणे वागत असतो, हे त्याच्यावर रागावण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

कायद्याचा हा पसारा जुना आहे. दाबाखालील वायू भरलेल्या टाक्यांना सरकारने १९३८ मध्ये १८८४ च्या स्फोटक कायद्याच्या कक्षेत आणले, आणि १९४० साली वायू-टाक्यांचे पहिले नियम झाले. पुढे १९८१, २००४ आणि २०१६ अशी त्यांची नवी रूपे आली. त्यांची अंमलबजावणी करणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना आणि तिचे मुख्य विस्फोटक नियंत्रक यांचे कार्यालय महाराष्ट्रातच, नागपूरच्या सेमिनरी हिल्स भागात आहे. देशात घडविल्या जाणाऱ्या किंवा परदेशातून आणल्या जाणाऱ्या प्रत्येक टाकीला तेथील मान्यता आवश्यक असते. परदेशात राहून आलेले काही जण तिकडची सुबक लहान टाकी सामानाबरोबर घेऊन येतात, आणि येथे ती भरून मिळत नाही म्हणून निराश होतात. तिचे पोलाद उत्तम असेल, परंतु तिच्या खांद्यावर या देशाच्या मान्यतेचा दाखला नाही, आणि भरणारा तेच पाहतो. घरी आर्गन अथवा कार्बन डायॉक्साइडच्या एक-दोन टाक्या बाळगण्यास सामान्य माणसाला परवाना लागत नाही. टाकी भरण्याला मात्र लागतो, आणि एका टाकीतून दुसरीत घरच्या घरी वायू उतरवून घेण्याचे जे प्रयोग काही उत्साही मंडळी करतात ते भरण्याच्याच सदरात येतात.

मालकीचा प्रश्न याहून नाजूक आहे. टाकी मिळविण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत: अनामत आणि भाडे भरून वायू-कंपनीची टाकी वापरणे, किंवा स्वतःची विकत घेणे. पहिल्या मार्गात टाकीची चाचणी, व्हॉल्व्हची दुरुस्ती, रंगरंगोटी ही जबाबदारी कंपनीची असते. रिकामी द्यावी, भरलेली आणावी, एवढेच ग्राहकाचे काम. पण काम सहा महिने बंद राहिले तरी भाडे चालू राहते, आणि घरगुती वापरात तेच बोचते. दुसऱ्या मार्गात पैसे एकदाच जातात, पण दर पाच वर्षांची चाचणी आपल्या माथी येते, आणि आपली टाकी देऊन दुसरी उचलण्याची जेथे पद्धत आहे तेथे नवी टाकी देऊन जुनाट टाकी घरी येण्याचा संभव असतो. कधीमधी काम करणाऱ्या गृहस्थाने स्वतःची लहान टाकी घ्यावी, तीच भरून परत मिळेल असे आधी विचारून ठरवावे, आणि खरेदीची पावती तसेच चाचणीचा दाखला यंत्राच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावा, असे मला वाटते. महाराष्ट्रात अशी भरणा केंद्रे आणि वायूचे व्यापारी बहुधा औद्योगिक वसाहतींच्या आसपास असतात. टाकी घेण्यापूर्वी ती कोठे भरली जाणार आहे त्या ठिकाणी जाऊन ‘अशी टाकी तुम्ही भराल का’ हे विचारणे, हा या खरेदीतील सर्वांत उपयुक्त प्रश्न आहे.

भंगारात स्वस्त मिळणाऱ्या टाकीविषयी मात्र माझे मत कठोर आहे. तिच्या खांद्यावर एखाद्या कंपनीचे नाव कोरलेले असेल तर ती त्या कंपनीची मालमत्ता आहे, विक्रेत्याला ती विकण्याचा अधिकार नाही. ते नाव घासून काढलेले दिसले तर शंका अधिकच गडद होते, कारण घासलेल्या ठिकाणी पोलाद पातळ झालेले असते आणि त्याबरोबर बाकीचे आकडेही पुसले गेलेले असतात. ज्या टाकीचा क्रमांक वाचता येत नाही ती कोणत्याही किमतीस महागच. दुसऱ्या वायूची टाकी आर्गनसाठी वापरण्याचेही तसेच. एका वायूची टाकी दुसऱ्या वायूसाठी बदलावयाची तर नियंत्रकांची परवानगी लागते. २०२१ च्या वसंतात करोनाच्या लाटेत प्राणवायू अपुरा पडला तेव्हा आर्गन आणि नायट्रोजनचे टँकर ऑक्सिजनसाठी वापरता यावेत म्हणून सरकारला तशी विशेष आज्ञा काढावी लागली. राष्ट्रीय आपत्तीतही जो बदल परवानगीवाचून झाला नाही तो घरच्या गॅरेजात परवानगीवाचून होऊ नये. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आर्गनसाठी वापरता येईल का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ती टाकी पातळ पत्र्याची, जोडकाम करून बनविलेली असते, तिची चाचणीच मुळी सुमारे पंचवीस बारला होते. दीडशे बारच्या वायूला ती केवळ अपुरी नाही, ती प्राणघातक आहे. आग विझविण्याच्या कार्बन डायॉक्साइडच्या नळकांड्यात तळापर्यंत जाणारी नळी असते, ती वायूऐवजी द्रव बाहेर फेकते आणि रेग्युलेटर निकामी करते. तेव्हा तो उपायही सोडून द्यावा.

टाकीचा रंग ही ओळखीची पहिली खूण होय: आपल्याकडे आर्गनची निळी, ऑक्सिजनची काळी, ॲसिटिलीनची तपकिरी-तांबडी, हायड्रोजनची लाल. परंतु केवळ रंगावर विसंबू नये, चिकटवलेली पट्टी वाचावी. ज्वलनशील वायूंच्या व्हॉल्व्हचे आटे उलटे, डावे असतात, इतरांचे सरळ. हा भेद चुकीची जोडणी होऊच नये म्हणून केलेला आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या ॲडॉप्टरने तो मोडून काढणे म्हणजे ती योजना स्वतःच्या हाताने फुकट घालविणे.

घरी आणताना टाकी दुचाकीवरून आणता येत नाही. नियमांत सायकल आणि दुचाकी वाहन यांना स्पष्ट मनाई आहे, आणि दुचाकीच्या मागे टाकी आडवी धरून बसलेले जोडपे रस्त्यावर दिसले की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. मोटारीत आणावयाची तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि व्हॉल्व्हवर टोपण घट्ट बसवावे. घरी ती उभी, भिंतीला साखळीने बांधून ठेवावी. टाकी आडवी पडून व्हॉल्व्ह तुटला तर दीडशे बारच्या वायूचा झोत तिला भिंत फोडून जाण्याइतका वेग देतो. आर्गन विषारी नाही, हे खरे. पण तो हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड, वर्णहीन आणि गंधहीन आहे, तळघरात किंवा गॅरेजातील दुरुस्तीच्या खड्ड्यात साचून राहतो, आणि तेथील ऑक्सिजन हटवून माणसाला कोणतीही सूचना न देता बेशुद्ध करतो. कार्बन डायॉक्साइड निदान श्वास कोंडून इशारा देतो, परंतु हवेत त्याचे प्रमाण काही टक्क्यांवर गेले की तो स्वतःच घातक ठरतो. म्हणून खड्ड्यात किंवा दार लावून काम करू नये. याच्या उलट टोकाला, पंखा लावून किंवा कोकणातील दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर काम करणाऱ्याचा वायू वाहून जातो आणि सांधा छिद्रांनी भरतो. त्यावर पुष्कळ जण प्रवाह वाढवीत जातात, परंतु वीस-पंचवीस लिटरच्या पुढे वायूचा झोत स्वतःच खवळतो आणि भोवतालची हवा आत ओढून घेतो. अशा वेळी आडोसा करावा, प्रवाह वाढवू नये.

रेग्युलेटर जोडताना टाकीचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडातील धूळ उडवून द्यावी, जोड आवळल्यावर साबणाचे पाणी लावून पाहावे, आणि काम संपताच व्हॉल्व्ह टाकीवरच बंद करावा. नळीत कोठे तरी सुईएवढी गळती असली तर रात्रभरात सगळी टाकी रिकामी होते, आणि वायू भरून दिला नाही असा आळ नाहक विक्रेत्यावर येतो. भरण्यासाठी टाकी पाठविताना ती पूर्ण शून्यावर आणू नये. थोडा दाब शिल्लक असताना व्हॉल्व्ह बंद करून टोपण लावावे, म्हणजे आत हवा आणि बाष्प शिरत नाही, पुढची भरण शुद्ध राहते, आणि भरणा केंद्रात आतील वायू कोणता होता याची खातरजमाही करता येते.